खोडव्याला आच्छादन, मग घराला का नको?



गळीत हंगाम आटोपत आला आणि ऊसबिलाचे हप्ते खात्यावर जमा होऊ लागले की गावोगाव बांधकामे निघतात. गटातून फिरताना वाळूचे ढीग, विटांच्या ट्रॉल्या आणि सळईचे भारे दिसू लागतात. जुने माळवद उतरवायचे आणि स्लॅब टाकायचा, ही बहुतेक घरांची इच्छा असते व त्यात गैर काही नाही. परंतु पहिला उन्हाळा काढल्यावर तेच सभासद भेटतात आणि म्हणतात, "साहेब, रात्री घरात पडवत नाही, पंखा लावला तर गरम वारंच अंगावर येतंय." मग कुलर येतो, ऐपत असेल तर ए.सी. येतो, आणि विजेचे बिल घरकर्जाच्या हप्त्याशेजारी येऊन बसते. यातला बराच खर्च बांधकामाच्या वेळीच टाळता येतो.

हा विषय उसाचा नव्हे, हे आम्ही जाणतो. पण त्यातले मूळ तत्त्व आपल्याला उसानेच शिकविले आहे. तोडणीनंतर पाचट जाळू नका, खोडव्यात सरीतच ठेवा, असे आमचा विभाग वर्षानुवर्षे सांगत आला. मे महिन्यात दुपारी उघड्या सरीत हात लावून पाहा आणि पाचटाखालच्या मातीला लावून पाहा. वरची माती चटका देते, खालची गार असते. पाचट काही स्वतः थंड नसते. त्याच्या पानापानांत हवा अडकून स्थिर राहते आणि स्थिर हवेतून उष्णता फार सावकाश जाते. गोधडी याच कारणाने ऊब धरते. कारखान्यात वाफेच्या नळ्यांना लोकरीसारख्या थराचे वेष्टन व वर ॲल्युमिनियमचा पत्रा असतो, तो शोभेसाठी नव्हे. वेष्टन फाटले की वाफ वाटेतच थंड होते आणि बॉयलरला जादा बगॅस जाळावा लागतो. शेतात बाहेरची आच आत येऊ द्यायची नाही, कारखान्यात आतली बाहेर जाऊ द्यायची नाही. उपाय एकच.

आता स्लॅबचे बघा. ४०० चौरस फुटांच्या स्लॅबवर मे महिन्यातील भर दुपारी तासाला ३० युनिटांहून अधिक विजेइतके ऊन पडते. काही परत फेकले जाते, काही वारा नेतो, पण सिमेंटचा काळपट पृष्ठभाग ६० अंशांच्या आसपास तापू शकतो. घरात ३५ अंश धरले तर ढोबळ हिशेबाने तासाला सुमारे ३ युनिटांएवढी उष्णता एकट्या छतातून खाली उतरते. तेवढी उपसून बाहेर टाकायला ए.सी.ला सुमारे १ युनिट वीज लागते. भिंती, खिडक्या आणि माणसे यांचा भार अजून वेगळाच. शिवाय काँक्रीट दिवसभर आच पोटात साठवते आणि दिवेलागणीनंतर घरात सोडू लागते. म्हणून बाहेर अंगणात गार वारा सुटलेला असतानाही आत जीव नकोसा होतो.

केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ साली निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' काढली. त्यात छताची एक मर्यादा आहे : आतबाहेर एका अंशाचा फरक असता दर चौरस मीटरमधून १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता जाऊ नये. आपला उघडा स्लॅब ३ च्या वर जातो. त्याच स्लॅबवर एक इंच जाडीचा थर्माकोलचा थर दिला की तो आकडा १ च्या जवळ येतो. एवढा फरक एका इंचाने पडतो, हे वाचून विश्वास बसत नाही, पण सहा इंच काँक्रीटपेक्षा तो एक इंच उष्णतेला भारी आहे.

इथे जुनी माणसे म्हणतील, मग आमचे माळवद काय वाईट होते? गारव्याच्या बाबतीत ते खरेच उत्तम होते. दोन-अडीच फुटांच्या भिंती आणि वर दीड-दोन फूट पांढरी माती, उन्हाची आच खाली पोचेपर्यंत दिवस मावळायचा. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात याच भिंती ढासळल्या, याच मातीच्या छपरांखाली झोपेत हजारो माणसे गाडली गेली. तेव्हा गारव्यासाठी पुन्हा डोक्यावर मातीचा बोजा घ्या, असे आम्ही मुळीच सांगणार नाही. स्लॅबवर माती पसरून गारवा करणारे काहीजण आहेत, त्यांनीही ती उतरवावी. पावसात भिजून तिचे वजन वाढते आणि ओल सळईपर्यंत जाते. गारवा पाहिजे तो हलक्या वस्तूंनी साधावा.

नवा स्लॅब टाकणाऱ्यांनी ठेकेदाराशी बोलताना छपराचा थर अंदाजपत्रकातच धरावा. स्लॅबवर गळतीप्रतिबंधक थर, त्यावर जास्त घनतेचे थर्माकोल (टी.व्ही.च्या खोक्यातले नव्हे, ते पायाखाली दबते), त्यावर जाळी घालून दोन इंचांचा कोबा आणि वर पांढऱ्या फरशीचे तुकडे, असा क्रम असतो. हा थर स्लॅबच्या वरच असावा. खालून चिकटवला तर स्लॅब तापायचा तो तापतोच, आणि थर्माकोलला आग लागली तर विषारी धूर घरात कोंडतो. जुना स्लॅब असेल तर कोब्याचे वजन पेलेल का, हे अभियंत्याकडून तपासून घ्यावे. गवंड्याच्या "काय होत नाय" यावर जाऊ नये.

एवढा खर्च झेपत नसेल त्यांनी निदान चुना लावावा. चुन्यात थोडा फेव्हिकॉल मिसळून दोन हात दिले की पांढरे छप्पर बरेचसे ऊन परत फेकते आणि घरात दोन-चार अंशांचा फरक पडतो. अहमदाबाद महापालिकेने उष्णतेच्या आराखड्यात, तर तेलंगण सरकारने २०२३ मध्ये स्वतंत्र धोरण करून हा मार्ग धरला आहे. पावसाने चुना धुपतो, म्हणून दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये हात द्यावा लागतो. छपरावर सौर पॅनेल बसविणाऱ्यांना सावलीचा फायदा फुकटच मिळतो.

भिंतींचाही थोडा विचार व्हावा. तिरुवनंतपुरम येथे राहून ज्यांनी आयुष्यभर स्वस्त घरे बांधली ते वास्तुकार लॉरी बेकर (१९१७-२००७) विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या ठेवून बांधकाम करीत. भिंत नऊ इंचांचीच राहते, पण मध्ये पोकळी राहते. विटा सुमारे चौथा हिस्सा कमी लागतात आणि पोकळीतली हवा पाचटासारखे काम करते. त्यासाठी विटा सरळ धारेच्या व गवंडी हुशार पाहिजे. विटा वाचल्या तर आम्हाला वेगळाही आनंद आहे, कारण वीटभट्टीला जाते ती आपल्याच रानातली वरची सुपीक माती, आणि ती विकून आलेले पैसे पुढे खतांत घालावे लागतात. हल्ली मिळणारे राखेचे हलके ब्लॉक वजनाला विटेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आणि उष्णतेला चांगले अडवणारे आहेत. त्यांना पाणी लवकर शोषले जाते, म्हणून बाहेरून गिलावा पक्का हवा. कोणतीही भिंत असो, पश्चिमेकडे मोठी खिडकी ठेवू नये. ठेवलीच तर छज्जा पुरत नाही, कारण तिसऱ्या प्रहराचे ऊन तिरपे आत शिरते. तिथे बांबूचा पडदा किंवा वेल बाहेरच्या अंगाने पाहिजे.

गोठ्याचे मात्र वेगळे आहे. पत्रा पातळ, त्याची आच सरळ जनावराच्या पाठीवर. संकरित गाय दुपारी धापा टाकते, चारा कमी खाते आणि दुधाला उतरते, हे आपण पाहतोच. पत्र्यावर चार-पाच इंच पाचट दाबून पसरावे व वाऱ्याने उडू नये म्हणून वरून जाळी किंवा काथ्याने आवळून बांधावे. एक-दोन सरींतले पाचट पुरते, बाकीचे खोडव्यातच राहू द्या. वाळले पाचट म्हणजे काडेपेटीच, तेव्हा चूल, विजेची उघडी तार आणि शेजारच्या रानातला जाळ यांपासून गोठा दूर हवा. शेजारी पाचट पेटविणार असतील तर आदल्या दिवशी गोठ्यावर पाणी मारून घ्या, आणि त्यांना न पेटविण्याबद्दल आमच्या गट ऑफिसातून कोणी येऊन सांगावे असे वाटत असल्यास शेतकी कर्मचाऱ्याकडे निरोप द्या.