मनगटावरील सूज आणि बोटांचा बधिरपणा

मनगटाच्या तळव्याकडील बाजूस, हाडे आणि एक जाड आडवा पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटे वाकवणारे नऊ स्नायुरज्जू आणि ‘मीडियन नर्व्ह’ नावाचा मज्जातंतू हातात उतरतो. बोगद्याला पसरण्यास वाव नसतो. आत थोडी जरी वाढ झाली, तरी मज्जातंतू दाबला जातो. मग अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडील बाजू यांना मुंग्या येतात, विशेषतः रात्री. करंगळी सुटते, कारण तिचा मज्जातंतू वेगळा आहे.

प्रौढांमध्ये यामागे मधुमेह, थायरॉइडची कमतरता, गर्भारपण किंवा हाताचे तेच ते श्रमाचे काम आढळते. मात्र लहान मुलाला किंवा तरुणाला एकाच हातात असा त्रास होत असेल, तर एका दुर्मीळ कारणाचा विचार व्हावा: लायपोफायब्रोमॅटस हॅमार्टोमा. यात मज्जातंतूच्या धाग्यांभोवती, त्याच्या आवरणाच्या आतच, चरबी व तंतुमय ऊतक वाढते. हा कर्करोग नव्हे. मनगटावर किंवा तळहातावर मऊ, सावकाश वाढणारी सूज दिसते. ती बालपणापासूनची असल्याने घरच्यांच्या सवयीची झालेली असते. काही मुलांचे एखादे बोटही जन्मतः मोठे असते. लहान मूल मुंग्यांची तक्रार क्वचितच करते. त्याच्या हातून वस्तू पडतात, बटण लावता येत नाही. अशा सुजेवर चोळणे, शेकणे वा घट्ट पट्टी बांधणे यांत वेळ दवडू नये.

निदानासाठी एमआरआय फार उपयोगी ठरतो. त्याच्या आडव्या छेदात चरबीत विखुरलेले धागे केबलमधील तारांसारखे दिसतात.

‘गाठ आहे, तर काढून टाका’ हा आग्रह स्वाभाविक असला तरी येथे तो घातक ठरू शकतो. चरबी आणि मज्जातंतूचे धागे एकमेकांत इतके गुंतलेले असतात की गाठ समूळ काढल्यास बोटांची संवेदना आणि अंगठ्याची ताकद जाऊ शकते. म्हणून दाबाची लक्षणे असल्यास शल्यचिकित्सक बहुधा केवळ आडवा पट्टा कापून बोगदा मोकळा करतात. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी नेमके काय कापले जाणार, हे पालकांनी अवश्य विचारावे. शस्त्रक्रियेनंतरही सूज राहते; ते अपयश नव्हे. बधिरपणा पुन्हा वाढला किंवा अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा सपाट होऊ लागला, तर पुढील तारखेची वाट न पाहता अस्थिरोग किंवा प्लास्टिक सर्जरी विभागात दाखवावे.