परवाना हाती आल्यानंतर

व्यापारी घराण्यातील मुलामुलींनी वैमानिक होण्याची आकांक्षा धरावी, यात आता नवल राहिलेले नाही. बेळगावजवळील सांबरे, इंदूर, बडोदे, हैदराबादचे बेगमपेठ अशा आपल्या वस्तीच्या ठिकाणीच उड्डाणशिक्षणाची परंपरा आहे. तथापि शिक्षणाच्या खर्चाचा विचार जितक्या बारकाईने होतो, तितका परवान्यानंतरच्या काळाचा होत नाही, असे आम्हांस दिसते. म्हणून हा अल्प प्रपंच.

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्या देशात किमान २०० तासांचे उड्डाण लागते. ते बहुतांशी लहान विमानांवर होते. प्रवासी कंपन्यांची विमाने मात्र एअरबस ३२०, बोइंग ७३७ किंवा एटीआर ७२ अशा जातींची. आणि प्रत्येक जातीसाठी निराळे शिक्षण घेऊन परवान्यावर निराळी नोंद करावी लागते. हिलाच टाइप रेटिंग म्हणतात. सारांश, परवाना हे प्रवेशद्वार आहे, नोकरी नव्हे.

येथे तीन मार्ग संभवतात. पहिला, स्वखर्चाने टाइप रेटिंग घेऊन कंपन्यांकडे अर्ज करणे. यास पुन्हा लाखोंचे भांडवल लागते. निवड दुसऱ्या जातीच्या विमानांच्या कंपनीत झाली, अथवा सराव तुटला, तर ते भांडवल अडकते. गिऱ्हाईक ठरल्याविना माल भरू नये, हा पेढीवरचा नियम येथेही लागू पडतो. कंपनीची निवड आधी व रेटिंग मागाहून, हा क्रम आम्हांस श्रेयस्कर वाटतो.

दुसरा मार्ग उड्डाणशिक्षकाचा. आवश्यक शिक्षण व परीक्षा पूर्ण करून सहायक शिक्षक होता येते. वेतन बेताचे, परंतु तास वाढतात आणि हात सरावात राहतो. विमानाचा प्रमुख होण्यासाठी लागणाऱ्या वरिष्ठ परवान्यास १५०० तास लागतात, हे ध्यानी घेता यातील एकही तास वाया जात नाही. तिसरा मार्ग भाड्याने विमाने चालविणाऱ्या लहान कंपन्यांचा. तेथे जागा थोड्या, पण अनुभव विविध.

या धंद्यात भरती-ओहोटी मोठी आहे. किंगफिशरची उड्डाणे २०१२ साली, जेट एअरवेजची २०१९ साली आणि गो फर्स्टची २०२३ साली थांबली. अनुभवी वैमानिकही तेव्हा नोकरीच्या शोधात निघाले. उलटपक्षी २०२३ सालीच एअर इंडियाने ४७० व इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदविली. तेजी पाहून कर्ज काढणाऱ्याने मंदीचे हप्तेही मोजून ठेवावेत.

पालकांस आमची विनंती इतकीच की, शिक्षणाचा खर्च ठरविताना त्यापुढील दोन वर्षांची तरतूद निराळी काढावी. वैद्यकीय तपासणी व उपकरण-उड्डाणाची पात्रता वेळोवेळी नवी करावी लागते. त्यासही पैसा लागतो. प्रतीक्षेच्या काळात मुलाने वा मुलीने पदवी पूर्ण करावी, दुकानाचे हिशेब पाहावेत. त्यात कमीपणा नाही. राहत्या घरावर कर्ज काढून दुसरे रेटिंग घेण्याची घाई मात्र कोणीही करू नये. आकाश कोठे जात नाही; गहाण पडलेले घर मात्र सहजी सुटत नाही.