‘अप’ आणि ‘डाऊन’ : दोन शब्दांचा प्रवास

बोरिवली काय, मुलुंड काय, उपनगरी रेल्वेच्या कामकाजात ‘अप’ आणि ‘डाऊन’ या शब्दांवाचून पान हलत नाही. चर्चगेटकडे किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे जाणारी गाडी ती ‘अप’ आणि तेथून बाहेर जाणारी ती ‘डाऊन’. या शब्दांचा चढउताराशी येथे काहीही संबंध नाही. कर्जतहून खंडाळ्याचा घाट चढणारी गाडी डोंगर चढत असूनही ‘डाऊन’च ठरते, कारण ती मुंबईपासून दूर जात असते.

हा संकेत इंग्लंडमधला. तेथे लंडनकडे जाणारा लोहमार्ग ‘अप’ मानला जाई. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली आणि रेल्वेबरोबर हा संकेतही आपल्याकडे रुजला. लंडनची जागा येथे मुंबईने घेतली.

व्युत्पत्ती पाहिली तर मौज वाटते. इंग्रजी ‘अप’ आणि संस्कृत ‘उप’ हे एकाच प्राचीन मूळाचे मानले जातात. म्हणजे ‘उपनगर’ या शब्दातील ‘उप’ हा त्याचा दूरचा आप्तच होय. आपला ‘वर’ हा शब्द ‘उपरि’पासून आला. ‘डाऊन’च्या पोटात तर टेकडी दडलेली आहे. जुन्या इंग्रजीत ‘डून’ म्हणजे टेकडी. ‘टेकडीवरून’ या अर्थाच्या शब्दप्रयोगातून ‘खाली’ हा अर्थ सिद्ध झाला.

मराठीची स्वतःची रीत वेगळी आहे. ‘घाटावर जाणे’, ‘खाली कोकणात उतरणे’ असे आपण म्हणतो, ते भूमीची ठेवण पाहून. मराठीत दिशा जमीन ठरवते, तर रेल्वेच्या भाषेत ती शहर ठरवते.

पुढे मराठीने या दोन शब्दांचा एक शब्द केला. ‘अपडाऊन करणे’ म्हणजे रोज ये-जा करणे. घाटकोपरहून सकाळी कचेरीत जाऊन सायंकाळी परतणाऱ्याला तो तंतोतंत लागू पडतो. परंतु शहरात राहून खेड्यातील शाळेत जाणाऱ्या शिक्षकाचा दिवस ‘डाऊन’नेच सुरू होतो. त्यालाही आपण ‘अपडाऊन’च म्हणतो. ८ जून २०१४ रोजी सुरू झालेल्या वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रोचा प्रवासी तर मुंबईच्या टोकाकडे जातच नाही. तो एका उपनगरातून दुसऱ्या उपनगरात जातो. त्याचेही ‘अपडाऊन’च!

ग्रामसभेत मात्र हा शब्द निराळे वजन घेऊन येतो. ‘ग्रामसेवक अपडाऊन करतात’ हे वाक्य माहिती देत नाही, तक्रार मांडते. मुख्यालयी राहण्याचा प्रश्न खराच आहे, आणि गावात राहण्याजोगे घर मिळत नाही हेही अनेकदा तितकेच खरे असते. म्हणून ठरावात वा अहवालात असा शब्द लिहिताना कर्मचारी कोठून येतो, किती वाजता पोहोचतो आणि गावात निवासाची सोय आहे काय, हे स्पष्ट नोंदवावे. मोघम शब्दाने ठपका ठेवता येतो. प्रश्न सोडवायचा तर नेमकी नोंद लागते.

शिक्षकांनी हे दोन शब्द वर्गात जरूर घ्यावेत. आपल्या गावी ‘वर’ कोणत्या दिशेला म्हणतात आणि का, एवढे विद्यार्थ्यांना विचारले तरी भाषा व भूगोल यांचा एक चांगला पाठ होईल.