भौतिकशास्त्राच्या दृक्‌श्राव्य पाठाचे संहितालेखन

उद्दिष्टे
हा उपघटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला,
• दृश्य व निवेदन यांचे परस्परसंबंध स्पष्ट करता येतील.
• विज्ञानपाठासाठी निवेदन लिहिता येईल.

प्रास्ताविक
बीड जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात. सोबत गेलेल्या मुलांची शाळा काही महिने सुटते. मोबाइलमध्ये साठवलेला पाठ त्यांच्यापर्यंत कोपीवरही पोचू शकतो. मात्र तेथे शंका विचारायला शिक्षक नसतात. त्यामुळे निवेदनाच्या भाषेवरील जबाबदारी वाढते.

विषय-विवेचन
१. दृश्य आणि निवेदन : २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो-१५ मोहिमेतील डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा व ससाण्याचे पीस एकाच वेळी सोडले. हवेचा विरोध नसल्याने दोन्ही एकदमच खाली पोचले. वर्गात हा प्रयोग असा दाखवता येत नाही. चित्रफितीत तो दिसतो. ‘हातोडा पडत आहे, पीसही पडत आहे’ हे निवेदन दिसणारेच पुन्हा सांगते. त्याऐवजी पुढील क्रम योजावा :

दृश्यापूर्वी – ‘आधी काय खाली पोचेल? उत्तर वहीत लिहा.’
दृश्य चालू असताना – निवेदन नाही.
दृश्यानंतर – ‘दोन्ही एकदम पोचले. मग आपल्या अंगणात पीस मागे का राहते?’

अंदाज लिहिलेला विद्यार्थी केवळ प्रेक्षक राहत नाही. त्याला स्वतःचे उत्तर पडताळायचे असते. म्हणून येथील शांतता हाही संहितेचा भाग होय.

२. संज्ञांची अचूकता : कारखान्याच्या काट्यावर उसाचे ‘वजन’ टनांत सांगतात. भौतिकशास्त्रात मात्र टन व किलोग्रॅम ही वस्तुमानाची एकके आहेत. वजन हे बल असून ते न्यूटनमध्ये मोजतात. चंद्रावर नेलेल्या मोळीचे वस्तुमान तेच राहील, वजन सुमारे एकषष्ठांश होईल. व्यवहारातील शब्दाला चूक न ठरवता दोन अर्थांतील भेद दाखवावा. परिचित शब्दापासून संज्ञेकडे जाणारी वाट विद्यार्थ्याला सोपी वाटते.

सारांश
दृश्याने घटना दाखवावी, निवेदनाने प्रश्न उभा करावा आणि कारण उलगडावे. केवळ चित्रांच्या गर्दीने लक्ष टिकत नाही. ते जिज्ञासेने टिकते.

स्वाध्याय
‘विजेचा प्रकाश आधी, गडगडाट नंतर’ या विषयावर दोन मिनिटांच्या पाठाची संहिता लिहा. निवेदन कोठे थांबवाल, ते सकारण सांगा.