अभ्यासाच्या वेळचा आवाज आणि शांतता

पिरनवाडी येथील चिरंजीव भाच्यास मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, अभ्यासाला बसताना कानात गाणी असावीत की घरात पूर्ण शांतता असावी, हा प्रश्न वरवर सरळ दिसत असला तरी त्याचे एकच उत्तर सर्व कामांना लागू पडत नाही; हाती कोणते काम आहे आणि कानावर पडणारा आवाज एकसारखा आहे की क्षणोक्षणी बदलणारा, हे आधी ठरवावे लागते. कारण अवधान, म्हणजे एका वेळी एखाद्या गोष्टीकडे लक्ष देण्याची मनाची शक्ती, मर्यादित असते, आणि बदलता आवाज तिच्यातला वाटा न विचारता काढून घेतो.

पिरनवाडीत खानापूर रस्त्यापासून जांबोटीचा रस्ता फुटतो आणि चोर्ल्याच्या घाटाने गोव्याकडे जाणारी वाहने तेथेच वळतात, त्यामुळे ब्रेक, हॉर्न आणि मराठी, कन्नड, हिंदी अशा भाषांतील बोलणे रस्त्याकडेच्या घरांत दिवसभर येत राहते. जी भाषा नीट कळत नाही ती अभ्यासात अडथळा आणत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु कॉले आणि वेल्श या संशोधकांनी 1976 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, जर्मन न जाणणाऱ्या विद्यार्थ्यांना अक्षरे क्रमाने लक्षात ठेवण्यास सांगून मागे जर्मन उतारा ऐकवला, तेव्हाही त्यांच्या चुका वाढल्या. पाठ करताना मन शब्द आतल्या आत पुन्हा पुन्हा उच्चारत असते आणि त्याच वेळी कान बदलत्या ध्वनींचा क्रम आपोआप टिपत असतो, म्हणून हे दोन क्रम एकमेकांत मिसळतात, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. यावरून सूत्रे, सनावळ्या आणि कन्नडचे नवे शब्द पाठ करताना गाणी पूर्ण बंद ठेवावीत. आणि समजून घेऊन वाचायचा धडा असेल, तर ओळखीच्या भाषेतले गाणे अनोळखी भाषेतल्या गाण्याहून अधिक घातक ठरते, कारण त्याचा अर्थही मनाला ओढतो.

एकसारख्या आवाजाची गोष्ट वेगळी आहे. पंख्याची घरघर किंवा जुलैतला पत्र्यावरचा संततधार पाऊस यांत मनाने मागोवा घ्यावा असे काही नसते. उलट असा आवाज बाहेरचे तुटक आवाज झाकून टाकतो, आणि याच क्रियेला ध्वनिशास्त्रात मास्किंग म्हणतात. मोबाईलवर मिळणारा व्हाइट नॉइज, म्हणजे ऐकू येणाऱ्या सर्व कंपनसंख्यांचे सारख्या प्रमाणातले मिश्रण, हेच काम करतो. मात्र तो बाहेरचा गोंगाट झाकण्यापुरताच आणि हळू लावावा, आणि घर मुळातच शांत असेल तर लावूच नये.

संगीताने बुद्धी वाढते, या समजुतीचे मूळ 1993 सालच्या एका प्रयोगात आहे. त्यात 36 विद्यार्थ्यांनी मोझार्टची रचना दहा मिनिटे ऐकल्यावर आकृत्यांची कोडी अधिक चांगली सोडवली. पण तो लाभ पंधरा मिनिटांच्या आतच ओसरला, आणि मुख्य म्हणजे संगीत कामाच्या आधी ऐकवले होते, कामाबरोबर नव्हे. तेव्हा आवडते गाणे अभ्यासापूर्वी मन प्रसन्न करण्यासाठी जरूर ऐकावे आणि वही उघडताना बंद करावे.

पुढे उद्यमबागेतील एखाद्या कारखान्यात काम शिकण्याची वेळ आली, तर तेथे आणखी एक भेद ध्यानात ठेवावा लागेल. लेथवर टूलची धार गेली किंवा जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, थरथरू लागला की आवाज बदलतो आणि कुशल कामगार तो बदल ऐकूनच यंत्र थांबवतो. म्हणजे तेथे आवाज हा कामाचाच भाग असतो, आणि कानात गाणी घालणे हे केवळ लक्ष विचलित करणारे नव्हे, तर धोक्याचे ठरते.

शांतता एकट्याने मिळवता येत नाही, हेही समजून घ्यावे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे 2022 च्या ऑगस्टपासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला, आणि मुलांचा अभ्यास व्हावा म्हणून घराघरांतले टीव्ही आणि मोबाईल दीड तास बंद राहू लागले. देशातील 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 डेसिबलची मर्यादा आहे; डेसिबल हे आवाजाच्या तीव्रतेचे माप असून त्यात दहाची वाढ म्हणजे तीव्रता दहापट होणे. परंतु नियमापेक्षा गावाने आपणहून पाळलेली वेळ अधिक उपयोगी पडते.

म्हणून पाठांतर पहाटे, रहदारी वाढण्यापूर्वी करावे. गणिते आणि आकृत्या संध्याकाळी, गरज पडल्यास पंख्याच्या आवाजात कराव्यात. आणि आपल्या घरातला टीव्ही शेजारच्या दहावीच्या मुलाला ऐकू जात नाही ना, याची खात्री रोज करून घ्यावी. स्वतःच्या एकाग्रतेची काळजी घेणाऱ्याने दुसऱ्याच्या एकाग्रतेचीही तितकीच काळजी घ्यावी, अशी मामाची मनापासून इच्छा आहे.