‘तात्कालिकी गती’ : एका संज्ञेचा अर्थविचार

मराठी पदार्थविज्ञानात ‘गती’, ‘वेग’, ‘बल’ व ‘ऊर्जा’ या संज्ञांचे अर्थ काटेकोरपणे वेगळे राखलेले असतात. ज्योतिषाच्या सिद्धान्तग्रंथांत मात्र ग्रहाची ‘गती’ म्हणजे सामान्यतः त्याने एका दिवसात आक्रमिलेले कोनीय अंतर होय. चंद्राची ही गती सरासरी सुमारे १३ अंश असली, तरी ती सुमारे १२ ते १५ अंशांच्या दरम्यान बदलत राहते. त्यामुळे तिथीचा अंत ठरविताना दिवसाची गती पुरत नाही. त्या क्षणाची गती लागते. ‘सिद्धान्तशिरोमणी’त (११५०) भास्कराचार्यांनी तिला ‘तात्कालिकी’ म्हटले आणि ज्येची सूक्ष्म वाढ कोटिज्येच्या प्रमाणात असते, या नियमाने ती साधली.

या संज्ञेला आधुनिक अर्थ लावण्याचा प्रयत्न काशीत झाला. १८४२ पासून तेथील शासकीय संस्कृत महाविद्यालयात अध्यापन करणारे महाराष्ट्रीय पंडित बापूदेव शास्त्री (१८२१–१९००) यांनी भास्कराचार्यांना कलनगणिताचे मूलतत्त्व अवगत होते, असे १८५८ मध्ये प्रतिपादन केले. स्पॉटिसवुड यांनी १८६० मध्ये हा दावा अतिव्याप्त ठरविला.

भास्कराचार्यांचा नियम अचूक आहे. परंतु कलनगणिताला आवश्यक अशी ‘सीमे’ची कल्पना तेथे स्वतंत्रपणे मांडलेली नाही. शिवाय गती किती बदलते, हे त्या गणितातून कळते. ती कोणत्या बलामुळे बदलते, हा प्रश्न न्यूटनच्या १६८७ मधील ‘प्रिन्सिपिया’चा होय. प्राचीन संज्ञेत नवा अर्थ वाचताना ‘किती’ आणि ‘का’ यांतील हे अंतर राखणे, हीच पूर्वसूरींची खरी बूज होय.