माणसाआधी काम शोधा: बौद्धिक दिव्यांग तरुणांना आपल्या धंद्यात कसं घ्यायचं?



या विषयावर बोललं की एक प्रश्न हमखास येतो. "सर, इच्छा खूप आहे, पण आमचा धंदा लहान. परवडेल का?" प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही हिशोबानेच देतो.

आधी हे तरुण कोण, ते समजून घेऊ. बौद्धिक दिव्यांगत्व म्हणजे आजार नाही. नवीन गोष्ट शिकायला वेळ जास्त लागतो, पैशांचा हिशोब किंवा एका दमात दिलेल्या चार सूचना अवघड जातात. यातले कितीतरी जण मुक्त विद्यालयातून दहावी करतात, व्यावसायिक प्रशिक्षण घेतात. पण शिक्षण संपलं की पुढे काय? अनेकांच्या बाबतीत उत्तर एकच असतं, घरी बसणं. शिकलेलंही हळूहळू विसरायला होतं.

आता आपली चूक कुठे होते ते बघा. आपण "हेल्पर पाहिजे" म्हणतो आणि त्या एका शब्दात दहा कामं कोंबतो. फोन घे, माल मोज, गिऱ्हाईक बघ, बँकेत जा. यातली दोन कामं जमली नाहीत की आपण म्हणतो, "याला जमत नाही." खरं तर आपण काम नीट मांडलेलंच नसतं.

अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात मुलांचं एक मोठं हॉस्पिटल आहे. तिथल्या तातडीच्या विभागात साहित्य जागच्या जागी भरून ठेवायच्या कामावर माणसं टिकत नव्हती. काम तेच तेच, पण चूक चालत नाही असं. विभागप्रमुख एरिन रील यांनी विचार केला, हे काम बौद्धिक दिव्यांग तरुणांना नीट शिकवलं तर? त्यातून 1996 मध्ये 'प्रोजेक्ट सर्च' सुरू झाला. विद्यार्थी प्रत्यक्ष कामाच्या जागीच शिकतात, हे त्याचं सूत्र. आपल्याकडे मुंबईत जुहूला 'कॅफे अर्पण' आहे. तिथेही असे तरुण-तरुणी स्वयंपाकघरात आणि टेबलावर काम करतात.

आता तुमच्या धंद्यात या. समजा, तुमचं मसाल्याचं युनिट आहे आणि रोज 600 पाकिटं निघतात. एका स्टिकरला 15 सेकंद धरले तर अडीच तास झाले. वर 20-20 पाकिटांचे 30 बॉक्स भरायचे. हे काम सध्या कोण करतं? वजन करणाऱ्या ताई, स्वतःचं काम थांबवून. नाहीतर रात्री जागून तुम्ही स्वतः! हे वेगळं काढलं की चार तासांची खरी नोकरी तयार होते. ही दया नाही, तुमची गरज आहे.

मग पुढच्या पायऱ्या अशा:

1. कामाचे तुकडे पाडा. पाकीट उचल, सरळ ठेव, स्टिकर लाव, ट्रेमध्ये ठेव. प्रत्येक पायरीचा फोटो भिंतीवर लावा.

2. मोजणं सोपं करा. 20 खाचांचा ट्रे करून घ्या. ट्रे भरला की बॉक्स भरला. आकडे येत नसले तरी चूक होत नाही. नमुन्याचं एक पाकीट टेबलावर कायम ठेवा.

3. करून दाखवा, मग करू द्या. एका वेळी एकच सूचना. सुरुवातीचे दिवस प्रशिक्षण संस्थेच्या शिक्षकांना सोबत बसायला बोलवा. गरम सीलिंग मशीनची घाई नको.

4. एक सोबती ठरवा. काही अडलं तर कुणाला विचारायचं, ते ठरलेलं हवं. पाच जण पाच सूचना द्यायला लागले की गोंधळ होतो. वेळ किंवा काम बदलणार असेल तर आदल्या दिवशीच सांगा.

5. पगार कामाचा द्या. त्याच कामाला इतरांना जो दर, तोच यांना. आणि तो त्यांच्याच बँक खात्यात. "शिकतोय ना अजून" म्हणत महिनोन्‌महिने फुकट राबवून घेणं ही मदत नाही.

6. मोठ्या माणसासारखं वागवा. बावीस वर्षांच्या तरुणाला "बाळा" म्हणू नका. काम चुकलं तर स्पष्ट सांगा, छान झालं तर तेही सांगा.

कायद्याचंही थोडं लक्षात ठेवा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये बौद्धिक दिव्यांगत्वाचा समावेश आहे. त्यातली 'वाजवी सोय' ही कल्पना ऐकायला मोठी वाटते. आपल्या युनिटमध्ये ती म्हणजे भिंतीवरचे फोटो आणि खाचांचा ट्रे!

सगळं केलं तरी प्रत्येक वेळी जमेलच असं नाही. वेग कमी पडेल, एखाद्याला आवाजाचा त्रास होईल. मग लगेच माणूस बदलू नका, आधी काम बदलून बघा. तरीही नाही जमलं तर घरच्यांशी आणि संस्थेशी मोकळेपणाने बोला. इतर कामगारांच्या बाबतीत तरी आपण वेगळं काय करतो?

या आठवड्याचा गृहपाठ: वही घ्या. तीन दिवस तुमच्या युनिटमध्ये कोण कोणतं काम किती वेळ करतं ते लिहा. रोज ठरावीक पद्धतीने होणारं एक काम त्यातून निवडा. मग जवळच्या विशेष शाळेत किंवा कार्यशाळेत जाऊन एवढंच सांगा, "माझ्याकडे हे काम आहे. हे करू शकेल असं तुमच्याकडे कोण आहे?"

भेटू पुढच्या भागात. तोवर वही भरायला घ्या!